बटण आमचे, कृती कोणाची?

गेले तीन आठवडे वीस बटणांचा एक माऊस आमच्या मेजावर आहे. नातवाने तो ठेवून जाताना आव्हान दिले, ‘आजोबा, वापरून पाहा आणि मग सांगा, यात गैर काय?’ या माऊसवरून त्याच्या मित्रांनी त्याला आपल्या खेळातून वगळले होते.

लॉजिटेकचा जी-६०० हा माऊस २०१२ साली बाजारात आला. अंगठ्यापाशी बारा बटणे. शिवाय अनामिकेखालचे बटण दाबून धरले की उरलेल्यांचे अर्थ बदलतात. डग्लस एंगलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे माऊस जगाला दाखविला, तेव्हा त्यास तीन बटणे होती; १९८४ च्या मॅकिंटॉशच्या माऊसला एकच होते. मग वीस कशाला? आमच्या अंगठ्याला पहिल्या आठवड्यात चारच बटणे स्पर्शाने ओळखू आली आणि माऊस उचलताना बाजूची भलतीच दाबली गेली. तरीही कापणे, चिकटविणे, पान उलटणे ही नित्याची कामे अंगठ्याखाली आल्यावर हाताला सुख वाटले, हे कबूल केले पाहिजे.

येथवर गैर काहीच नाही. दूरची कळ जवळ आणली, एवढेच. परंतु याच बटणावर आज्ञांची अख्खी मालिका साठविता येते. मग खेळाडू एकदा दाबतो आणि पाच-सहा हालचाली अचूक अंतराने आपोआप घडतात. ज्या चापल्याची स्पर्धा, तेच चापल्य उपकरणाकडे सोपविले जाते. ‘काउंटर-स्ट्राइक २’च्या अधिकृत सर्व्हरवर अशा स्वयंचलनाला ऑगस्ट २०२४ मध्ये मनाई झाली, ती याच कारणाने.

‘पण बटण तर मीच दाबतो ना?’ हा नातवाचा युक्तिवाद. तो ऐकून आम्हांस आमचा सहीचा रबरी शिक्का आठवला. वसुलीच्या नोटिसा शेकड्यांनी निघत. तेव्हा आमच्या सहीचा शिक्का करून घेतला आणि तो लिपिकाच्या खणात राहू लागला. एके दिवशी एक तरुण नोटीस घेऊन समोर उभा राहिला. ती त्याच्या वडिलांच्या नावे होती. वडील जाऊन दोन वर्षे झाली होती, आणि मृत्यूचा दाखला त्याच फाइलीत होता. ‘साहेब, आपण वाचली होती का?’ एवढेच त्याने विचारले. शिक्का आमचा, अधिकार आमचा, आज्ञाही आमचीच. परंतु त्या कागदापाशी आम्ही नव्हतो. आम्ही उत्तर दिले, ‘पद्धत अशीच आहे.’ ते उत्तर खोटे नव्हते, आणि पुरेसेही नव्हते.

म्हणून साठविलेला क्रम सरसकट निषिद्ध मानावा काय? तसे म्हणवत नाही. आमच्या परिचयातील एक गृहस्थ पक्षाघातानंतर डाव्या हातानेच संगणक चालवितात. दोन हातांनी दाबावयाच्या तीन कळा त्यांना एका बटणात मिळाल्या, तर ती लबाडी म्हणणारा निर्दय ठरेल. क्रम तोच, पण येथे तो उणीव भरून काढतो, तेथे बरोबरी मोडतो. नियम उपकरणाकडे पाहतो, हाताकडे पाहत नाही, ही त्याची अडचण आम्ही नोकरीत पुष्कळ अनुभवली आहे. निदान जेथे दुसऱ्याशी सामना आहे, तेथे समोरच्याला ही सोय ठाऊक आणि मान्य असावी, इतके तरी मागता येते.

रविवारी नातवाचा फोन आला. माऊस चांगला आहे, थोडा जड आहे, असे आम्ही सांगितले. मग विचारले, ‘मित्रांना आधी सांगितले होतेस?’

बराच वेळ पलीकडून आवाज आला नाही. मग तो म्हणाला, ‘त्यांनी विचारलंच नव्हतं, आजोबा.’

त्यावर रागावण्याचा अधिकार आम्हांस आहे की नाही, याचा आम्ही अद्याप विचार करीत आहोत.