ओढ्याकाठचा आग्रह

भाविकहो, पावसाळा लागला की बोरिवली, मुलुंड, घाटकोपरकडची आपली मुले सुटीच्या दिवशी पहाटेच पाठीला पिशवी लावून डोंगराकडे निघतात. घरची वडीलधारी मंडळी कुरकुरतात, 'हे कसले खूळ!' खूळ कसले? तुकोबाराय भामचंद्राच्या आणि भंडाऱ्याच्या डोंगरावर एकांताला जातच होते ना? ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेत वाघाच्या भयाने निवृत्तिनाथ चुकले, गुहेत शिरले आणि तेथे त्यांना गहिनीनाथ भेटले, असे आपली परंपरा सांगते. (म्हणून कोणी वाट चुकण्याचा नेम घेऊ नये बरे! बोरिवलीच्या रानात बिबटे आहेत, आणि तिन्हीसांजेनंतर वाट त्यांची.)

तेव्हा डोंगरावर जावे की नाही, हा प्रश्नच नव्हे. प्रश्न असा की, निघालेला माणूस अर्ध्या वाटेवरून परतला तर त्याचा संकल्प मोडला काय?

कान्हेरीचेच पहा. त्या एका डोंगरात शंभराहून अधिक लेणी आहेत, बौद्ध भिक्षूंच्या वस्तीची. लेण्यांजवळ पाण्याची टाकी खडकातच खोदलेली. भिक्षू इतर वेळी गावोगाव फिरत, पण पाऊस लागला की एका जागी वर्षावास करीत. आपल्याकडेही आषाढी ते कार्तिकी संन्यासी चातुर्मास पाळतो, गाव सोडत नाही. ज्यांनी घरदार सोडले, त्यांनीसुद्धा पावसापुढे पाऊल आवरले!

येथे कोणी शंका घेईल, 'मग बुवा, आपण वारकरी भर पावसात कसे चालतो?' चालतो खरे. पण एकटे चालतो काय? दिंडी असते, चोपदार असतो, मुक्काम ठरलेले असतात. दिवे घाटाच्या चढाला माउलींच्या रथाला जादा बैलजोड्या लावतात. आणि विसाव्याला थांबलो म्हणून वारी मोडली, असे आजवर कोणी म्हटलेले नाही.

डोंगरातल्या ओढ्याची गोष्ट निराळी. हा काळा पाषाण, त्यावर माती थोडी, पाणी जिरायला जागा नाही. माथ्यावर सर कोसळते आणि खाली ऊन असतानाच ओढा फुगतो. २६ जुलै २००५ आठवा. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस, आणि त्याच शहरात कुलाब्याला त्याचा दहावा हिस्साही नाही! आपल्या डोक्यावरचे आभाळ पाहून माथ्यावरच्या आभाळाची परीक्षा करता येत नाही. पाणी गढूळ झाले, काटक्या-पाने वाहून येऊ लागली, आवाज जड झाला, की समजावे, वरून निरोप आला. मग गुडघाभर पाणीही धडधाकट माणसाला आडवे करते.

तरीही माणसे उतरतात. का उतरतात? बहुतेकांना पलीकडे जायची तळमळ नसते; सोबती हसतील, याचे भय असते. हा निश्चय नव्हे, हा आग्रह. संस्कृतात 'ग्रह्' धातूचा अर्थ धरणे. त्याच धातूपासून आग्रह झाला आणि गजेंद्राचा पाय पाण्यात धरणारा तो ग्राहही झाला. गजेंद्राचे बळ काय कमी होते? पण बळाचा अभिमान होता तोवर सुटका नव्हती. 'आता माझ्याने होत नाही' असे त्याच्या मनाने कबूल केले, तेव्हा नारायण धावला. काठावर उभे राहून हेच चार शब्द म्हणणारा पोरगा मला भित्रा वाटत नाही. त्याला हसणाऱ्यांनी गजेंद्राचे आख्यान नीट ऐकलेले नाही, एवढेच.

म्हणून पाच जण निघालात तर घरी वाट सांगून निघा, सर्वांत हळू चालणाऱ्याच्या चालीने चाला, आणि एक जण 'परतू' म्हणाला की बाकीच्या चौघांनी वाद घालू नये. लेणी दीड-दोन हजार वर्षे तेथेच आहेत. कार्तिकात पुन्हा जा. तेव्हा ओढा उतरलेला असतो, दगड उघडे पडतात, आणि पाय न भिजवता पलीकडे जाता येते.