नियम मोडणारी लिसा

मॅथ्यू लिपमन न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवत. मुलं कॉलेजात येईतो विचारांची वळणं पक्की होऊन बसतात, तर्कशास्त्राला तेव्हा हात घालून उपयोग नाही, असं त्यांचं मत झालं. म्हणून त्यांनी शाळकरी मुलांसाठी कादंबरी लिहिली आणि १९७४ मध्ये न्यू जर्सीतल्या माँटक्लेअरला मुलांना तत्त्वज्ञान शिकवण्याची ही पद्धत रुजवायला संस्था काढली.

कादंबरीचा नायक हॅरी. विज्ञानाच्या तासाला तंद्रीत असताना त्याला प्रश्न येतो: लांब शेपटीचं, सूर्याभोवती फिरणारं असं काय? सगळे ग्रह सूर्याभोवती फिरतात एवढं आठवून तो ठोकून देतो, ग्रह. वर्ग हसतो. धूमकेतूही सूर्याभोवती फिरतो, पण ग्रह नसतो. म्हणजे सगळे ग्रह सूर्याभोवती फिरतात हे खरं, पण सूर्याभोवती फिरणारे सगळे ग्रह असतात हे खोटं. यावरून हॅरी नियम काढतो, की खरं वाक्य उलटवलं की खोटं होतं. स्वारी खूश. मग वर्गातली लिसा गरुड आणि सिंह पुढे करते. एकही गरुड सिंह नसतो हे उलटवून बघ. एकही सिंह गरुड नसतो, हेही खरंच!

या पद्धतीचा जीव मला लिसाच्या या उदाहरणात दिसतो. तिनं स्वतःचं मत मांडलं नाही की हॅरीला मूर्ख ठरवलं नाही. नियम मोडला, आणि मोडल्यामुळेच दोघांना तो दुरुस्त करता आला: ‘सगळे’ म्हणणारी वाक्यं उलटत नाहीत, ‘एकही नाही’ म्हणणारी उलटतात. हॅरी घरी येतो तर शेजारीण कुणाबद्दल तरी सांगत असते. ती बाई रोज दारूच्या दुकानात दिसते, म्हणजे काय ते समजा. दारुडे दुकानात जातात, पण जाणारे सगळे दारुडे कुठे असतात? व्याकरणासारखा कोरडा वाटणारा नियम असा थेट कुचाळकीला जाऊन भिडतो.

ही कादंबरी शिकवतात त्या वर्गात मुलं गोल बसून एकेक परिच्छेद वाचतात, त्यांचे प्रश्न फळ्यावर त्यांच्या नावानिशी लिहिले जातात आणि एखाद्यावर चर्चा होते. कठीण काम शिक्षकाचं. कुणी म्हटलं, खोटं बोलणं नेहमीच वाईट, तर ‘शाब्बास’ म्हणायचा मोह होतो. ‘प्रत्येकाचं मत वेगळं’ म्हणून सुटण्याचाही. दोन्हींनी चर्चा तिथंच मरते. ‘नेहमीच?’ एवढंच विचारून थांबलं, तर कोपऱ्यातून कुणीतरी म्हणतं, आईच्या वाढदिवसाची गंमत लपवायला आम्ही खोटं बोललो होतो. ते खोटं होतं की नुसतं लपवणं, यावर मग पुढचा तास जातो.