बाधित कोण?

पुण्यात डेक्कन जिमखान्यावर काय किंवा मुंबईत दादरच्या हिंदू कॉलनीत काय, घर घेणारा माणूस चार भिंतींचे पैसे देतो असे खरेदीखतात लिहिलेले असते. प्रत्यक्षात तो भिंतींपलीकडच्याही पुष्कळ गोष्टींचे मोल मोजतो. समोरच्या आवारातला आंबा, रात्री दहानंतरची सामसूम, मुलाला सायकल शिकवता येईल असा रस्ता. यांतले काहीच त्याच्या नावावर चढत नाही. नकाशावर आपली गल्ली ‘निवासी’ रंगात आहे, एवढाच त्याला आधार.

मग एके दिवशी कोपऱ्यावरच्या दोन भूखंडांचा रंग बदलण्याचा प्रस्ताव येतो. तिथे आता दुकाने, कचेऱ्या आणि वर उपाहारगृह.

हे मनमानीने होत नाही, हेही सांगितले पाहिजे. महाराष्ट्राच्या १९६६ च्या नगररचना कायद्यातले ३७ वे कलम म्हणते की, अशा फेरबदलाने मूळ योजनेचे स्वरूप पालटू नये. राजपत्रात सूचना द्यावी, महिन्याभरात हरकती घ्याव्यात, आणि जे बाधित होतील त्यांना नोटीस देऊन त्यांचे म्हणणे ऐकावे. (सकाळच्या चहाबरोबर राजपत्र वाचणारा गृहस्थ मला अजून भेटायचा आहे, पण तो दोष कायद्याचा नव्हे.)

माझे मन अडते ते ‘बाधित’ या शब्दापाशी. भिंतीला भिंत लागून राहणारा बाधित, हे कुणीही मान्य करील. चौथ्या घरातला दमेकरी? आणि भाडेकरू? जागेचे भाव चढले म्हणजे घरमालकाच्या दुःखावर थोडी फुंकर तरी पडते. भाडेकरूच्या वाट्याला गोंगाट येतो आणि मागाहून वाढीव भाडे. लाभ एका ठिकाणी साचतो. तोटा मात्र शंभर घरांत इतका बारीक वाटला जातो की, एकेकाचा वाटा सांगायला गेले तर हसू यावे. अर्धा तास झोप कमी, फाटकाशी परक्याची मोटार! अशी हरकत लिहिताना लेखणीच ओशाळते.

दुसरी बाजू खोटी नाही. दळण, औषध, वाणसामान हाकेच्या अंतरावर हवे म्हणणारे आपणच. आणि आपली वसाहत उठली तेव्हा तिथल्या शेतावर राबणाऱ्याला कुणी विचारले होते? तेव्हा ‘आम्ही आधी आलो’ या म्हणण्यात मला फारसा जोर दिसत नाही.

पण नकाशा हे नुसते सरकारी फर्मान नव्हे. माझ्या दर्शनी खोलीत मी दुकान काढणार नाही, तुम्हीही काढू नका, असा तो शेजाऱ्यांचा आपसातला शब्द आहे. कोपऱ्यावरच्या भूखंडाला जो भाव येतो, तोही काही अंशी या शंभर घरांनी पाळलेल्या शब्दामुळेच. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने दिल्लीच्या निवासी भागांतल्या बेकायदा दुकानांना सील लागू लागले. पुढे २००७ च्या बृहत् आराखड्याने कित्येक रस्त्यांवर दुकानांना मुभा दिली. अनेकांच्या पोटाचा प्रश्न सुटला, बरे झाले. मात्र इतकी वर्षे तळमजल्यावर दुकान न थाटता ज्याने आईवडिलांची खोली ठेवली, त्याचा हिशेब कोणी केला?

शहर वाढणार आणि रंगही बदलणार. प्रस्तावाआधी मालकाने स्वतः घरोघर जायला काय हरकत आहे? दिवाळीत फराळाचे ताट घेऊन आपण जातोच. गाड्या कुठे लागतील, दिवे किती वाजता मालवतील, हे तिथे बोलावे आणि परवानगीच्या अटींत लिहून घ्यावे. जिन्याखालच्या भाडेकरूच्या खोलीलाही दार असते, तेही वाजवावे.