बिऱ्हाड हलवण्यापूर्वी

माणसाला घर बदलायला कुठलंही कारण पुरतं. वरच्या मजल्यावर पेटी शिकणारा मुलगा, नळाला न येणारं पाणी, नाहीतर मेहुणीने घेतलेली नवी जागा. पण भीती हे त्यातलं सगळ्यांत जुनं आणि सगळ्यांत खर्चिक कारण. गावात कुठे दगड पडला की आमचे एक स्नेही जागांच्या जाहिराती चाळू लागतात. "आपल्या माणसांत जाऊन राहावं हो!" म्हणतात. आता ही 'आपली माणसं' म्हणजे कोण? त्यांचा स्वतःच्या सख्ख्या भावाशी जिन्याखालच्या जागेवरून गेली अकरा वर्षं दावा चालू आहे.

थट्टा बाजूला ठेवू. १९९२ च्या डिसेंबरात आणि १९९३ च्या जानेवारीत मुंबई पेटली. श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालाप्रमाणे ९०० माणसं गेली. पुढे कितीतरी कुटुंबांनी जुन्या जागा सोडल्या. मुंब्रा बघता बघता फुगलं. त्यांना नावं कोण ठेवणार? ज्याच्या दाराशी जमाव येऊन गेला, त्याला तिसऱ्या मजल्यावरून 'धीर धरा' सांगणं फार सोपं असतं. पण जो जाऊ शकतो तोच जातो. मागे उरतो तो, ज्याच्यापाशी टेम्पोच्या भाड्यालाही पैसे नाहीत. आणि त्याला ओळखणारं एक घर तेवढं कमी झालेलं असतं.

जे राहिले, त्यांनीही तयारी केली नाही असं नाही. सोसायट्या-सोसायट्यांतून काठ्या आणि हॉकी स्टिका घेऊन रात्रीच्या गस्ती सुरू झाल्या. एरवी बायकोने दळण आणायला पाठवलं तर कंबर धरणारे गृहस्थ गच्चीवर पहाटेपर्यंत उभे! आणि त्याच दिवसांत मुंबईतल्या काही इमारतींत खालच्या फळीवरून एखादं मुसलमान बिऱ्हाड आपल्या नावाची पाटी गुपचूप उतरवत होतं. गच्चीवरचा पहारा त्याच्यासाठी होता की त्याच्यावर, हे त्याला कुणी सांगितलं असेल का?

म्हणून मला भिवंडीचं नवल वाटतं. १९७० आणि १९८४ अशा दोन मोठ्या दंगली सोसलेलं हे यंत्रमागांचं गाव. आता हे पेटणारच, असं कुणीही म्हटलं असतं. ते शांत राहिलं! पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी १९८८ पासून तिथे मोहल्ला समित्या उभ्या केल्या होत्या. हिंदू आणि मुसलमान सारखेच, साधी माणसं, सोबत त्या भागातले पोलीस. एकत्र बसायचं, तेही दंगल नसताना! सोसायटीची वार्षिक सभा ज्याने पाहिली आहे त्याला यातलं शौर्य कळेल. पण गटारावरून का होईना, ज्याच्याशी आपण तावातावाने भांडलो, त्याचं नाव-गाव आपल्याला ठाऊक होतं. मग 'अमक्या गल्लीत हत्यारं आलीत' अशी आवई उठली, की त्याच गल्लीतल्या माणसाला सरळ विचारता येतं.

मुंबईत मोहल्ला कमिटीची चळवळ सुरू झाली ती १९९४ साली. म्हणजे जळायचं ते जळून झाल्यावर.

परवा मी आमच्या जिन्यातली दारं मोजली. रात्री दीड वाजता न संकोचता बेल दाबता येईल अशी किती? अडीच निघाली. अर्धं म्हणजे दुसऱ्या मजल्यावरचे आजोबा. ते दार उघडतात हो, पण त्यांना बेल ऐकू आली तर!