झाडामागची अकिको आणि पार्कातली माणसं

अकिको होशी ही मुलगी जपानमधल्या दोन-तीन पिढ्यांना आठवते ती एकाच जागी उभी असलेली. झाडामागे अर्धी लपलेली, डोळे भरून आलेले, नजर मैदानातल्या धाकट्या भावावर. लपून कुणाचं तरी कौतुक करणाऱ्या किंवा कुणासाठी तरी जीव टाकणाऱ्या माणसाचं चित्र काढायचं, तर तिथे आजही याच उभं राहण्याची नक्कल होते. ‘क्योजिन नो होशी’ या बेसबॉलवरच्या गोष्टीतली ही थोरली बहीण. इक्की काजिवारा यांची कथा, नोबोरू कावासाकी यांची चित्रं. 1966 साली ही चित्रकथा एका साप्ताहिकात सुरू झाली आणि 1968 ते 1971 या काळात तिच्यावरच्या अ‍ॅनिमेशन मालिकेचे 182 भाग दूरचित्रवाणीवर झाले.

गोष्ट बाप-लेकाची. बाप इत्तेत्सु एकेकाळी टोकियोच्या जायंट्स संघाचा खेळाडू. युद्धात खांदा निकामी झाला, स्वप्न तुटलं, अंगमेहनतीच्या कामावर पोट भरायची वेळ आली. ते तुटलेलं स्वप्न तो मुलाच्या, ह्यूमाच्या, अंगावर चढवतो, आणि तेही अक्षरशः. स्नायू घट्ट व्हावेत म्हणून स्प्रिंगांचा एक पट्टा तो पोराच्या हाता-छातीला बांधतो. ते बांधूनच पोरगं जेवतं, शाळेत जातं. चाळवजा घराच्या भिंतीला भोक आहे. त्यातून चेंडू असा फेकायचा की बाहेरच्या झाडाला लागून तो त्याच भोकातून परत आला पाहिजे. आई हयात नाही. घर अकिको चालवते. बाप आणि भाऊ ज्या ताटावर भांडतात ते ताट तिने वाढलेलं असतं.

मालिकेत कष्ट कोण करतं, असं विचारलं तर कुणीही ह्यूमाचं नाव घेईल. त्या कष्टांची किंमत कुणाला दिसते, याचं उत्तर एकट्या अकिकोपाशी आहे. बाप आंधळा झालाय, मुलाला बापाखेरीज जग माहीत नाही, आणि प्रतिस्पर्ध्यांना फक्त चेंडू दिसतो. तिच्या डोळ्यांतलं पाणी नुसत्या मायेचं आहे असं मला वाटत नाही. एका लहान मुलाचं बालपण इथे खर्ची पडतंय, याची नोंद त्या घरात तीच एकटी ठेवते. दुःख एवढंच, की लेखकाने तिला नोंद ठेवायला लावलं आणि बोलायची मुभा फार थोडी दिली.

ही गोष्ट मुंबईत आली ती 23 डिसेंबर 2012 रोजी. जपानी आणि भारतीय निर्मात्यांनी मिळून बनवलेली ‘सूरज : द रायझिंग स्टार’ ही 26 भागांची मालिका कलर्स वाहिनीवर सुरू झाली. बेसबॉलच्या जागी क्रिकेट आणि टोकियोच्या चाळीच्या जागी मुंबईची झोपडपट्टी. बाप, मुलगा, बहीण, श्रीमंत घरातला प्रतिस्पर्धी, ही चौकट मात्र तीच राहिली. लोखंडी स्प्रिंगांचा पट्टा भारतीय प्रेक्षकाला छळ वाटेल म्हणून त्याच्या जागी सायकलच्या ट्यूब आल्या. हा बदल समजण्यासारखा आहे. रविवारी सकाळी मुलांनी बघायची मालिका होती. पण त्याने एक नुकसान झालं. छळ सौम्य केला की त्या छळाची साक्षीदार असलेल्या बहिणीच्या रडण्याला आधार उरत नाही. मग ती नुसतीच हळवी ताई होते, आणि अशा हळव्या ताया आपल्या पडद्यावर आधीच भरपूर आहेत.

निर्मात्यांनी मुंबई निवडली, क्रिकेट निवडलं आणि क्रिकेटपटू घडवणारं एक आख्खं मैदान हाताशी होतं तिकडे वळून पाहिलं नाही, याची मला खरी हळहळ वाटते. कारण शिवाजी पार्काच्या सगळ्यांत प्रसिद्ध गोष्टीतही एक झाड आहे, आणि त्या झाडामागेही एक माणूस लपलेला आहे.

साल 1984. अकरा वर्षांच्या सचिन तेंडुलकरला थोरला भाऊ अजित पार्कात रमाकांत आचरेकर सरांच्या नेटवर घेऊन आला. इतकी मोठी मुलं, सर समोर उभे. पोरगं बुजलं, धड खेळलंच नाही. सरांनी सांगितलं, अजून लहान आहे, नंतर आणा. अजितने विनवलं, आणखी एक संधी द्या, पण तुम्ही निघून गेल्यासारखं दाखवा आणि लांबून बघा. सर झाडाआड जाऊन उभे राहिले. पोरगं मोकळं झालं, खेळलं, आणि निवडलं गेलं. सचिनने स्वतः अनेकदा सांगितलेली ही हकीकत आपण चमत्कारासारखी ऐकतो. मला तिच्यात वेगळंच काही दिसतं. जपानी गोष्टीत अधिकार असलेला माणूस पोराच्या उरावर बसलेला असतो आणि प्रेम करणारं माणूस झाडामागे असतं. पार्कात अधिकार असलेला माणूस आपण होऊन झाडामागे गेला. आणि त्याला तिथे पाठवलं ते एका दुय्यम पात्राने, स्वतः क्रिकेट खेळणाऱ्या एका थोरल्या भावाने.

सर मवाळ होते असं नाही. सरावाचा सामना बुडवून प्रेक्षकांत बसलेल्या सचिनला त्यांनी मारलेली थप्पड मुंबईच्या क्रिकेटमध्ये कुणाला माहीत नाही? पण तेच सर त्याला स्कूटरवर मागे बसवून एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर नेत. सरावाच्या शेवटी ते यष्टीवर एक रुपयाचं नाणं ठेवायचे. जो बाद करील त्याचा रुपया, कुणालाच जमलं नाही तर सचिनचा. अशी 13 नाणी त्याच्याकडे आहेत. आपण ती 13 नाणी मोजतो. पण त्या तेरा संध्याकाळी दमलेल्या पायांनी धावत येऊन चेंडू टाकणारी मुलं कोण होती? त्यांनी जीव तोडून गोलंदाजी केली नसती तर त्या रुपयाला काही किंमत आली असती का?

मग घरं. वांद्र्याहून रोज ये-जा जमेना, शाळा बदलून दादरच्या शारदाश्रमात घातलं, आणि मुलगा पार्काजवळ राहणाऱ्या काका-काकूंकडे, सुरेश आणि मंगला तेंडुलकरांकडे, राहायला आला. 16 नोव्हेंबर 2013 रोजी वानखेडेवर निरोपाचं भाषण करताना सचिनने काकूंची जी आठवण सांगितली ती त्या भाषणातली मला सगळ्यांत मोलाची वाटते. दिवसभर खेळून दमलेलं पोरगं अर्धवट झोपेत असायचं आणि काकू त्याला घास भरवायच्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा खेळायला ताकद हवी म्हणून. त्याच भाषणात बहीण सविताही आली. आयुष्यातली पहिली बॅट तिने दिली, आणि तो फलंदाजीला उतरला की आजही ती उपास धरते, असं त्याने सांगितलं. आई रजनी यांनी तोवर त्याला मैदानावर खेळताना एकदाही पाहिलेलं नव्हतं. शेवटची कसोटी मुंबईत व्हावी, ही विनंती त्याने त्यासाठीच केली होती.

चोवीस वर्षं आंतरराष्ट्रीय क्रिकेट, आणि आईने पाहिलेला सामना एक. अकिको निदान झाडापर्यंत तरी येत होती.

वडील रमेश तेंडुलकर कवी आणि प्राध्यापक होते. इत्तेत्सुच्या अगदी उलट टोकाचे. त्यांनी मुलावर काही लादलं नाही. पण बापाने लादलं नाही म्हणून घरातल्या बायकांचे कष्ट काही कमी झाले नाहीत. ते वेगळ्या स्वयंपाकघरात, वेगळ्या उपासांत वाटले गेले. जपानी गोष्टीतला बाप इतका उग्र आहे की सगळा दोष त्याच्यावर टाकून मोकळं होता येतं. आपल्याकडे ती सोय नाही.

आता अमोल मुझुमदार. फेब्रुवारी 1988, आझाद मैदान, हॅरिस शिल्डची उपांत्य फेरी, शारदाश्रम विरुद्ध सेंट झेवियर्स. सचिन नाबाद 326, विनोद कांबळी नाबाद 349, तिसऱ्या विकेटसाठी 664 धावांची अखंड भागी. डाव 2 बाद 748 वर घोषित. पुढचा फलंदाज पॅड बांधून बसला होता. तेरा वर्षांचा अमोल. बसूनच राहिला. या प्रसंगात नशिबाची थट्टा शोधण्याची आपल्याला सवय आहे, कारण पुढे त्याने रणजी पदार्पणातच हरियाणाविरुद्ध 260 धावा केल्या, प्रथम श्रेणीत 11,000 हून अधिक धावा आणि 30 शतकं काढली, 2006-07 मध्ये मुंबईला रणजी करंडक जिंकून दिला, आणि भारताची टोपी मात्र कधी मिळाली नाही. ‘पॅड बांधून बसलेला’ हीच त्याची ओळख होऊन बसली. जपानने जे अकिकोचं केलं तेच आपण अमोलचं केलं. एका क्षणाच्या चित्रात माणूस गोठवला आणि त्याच्या पुढच्या पंचवीस वर्षांच्या फलंदाजीकडे, फूटवर्ककडे, नेतृत्वाकडे पुरेसं पाहिलं नाही.

2023 च्या ऑक्टोबरात तो भारतीय महिला संघाचा मुख्य प्रशिक्षक झाला. 2 नोव्हेंबर 2025 रोजी नवी मुंबईत त्या संघाने दक्षिण आफ्रिकेला 52 धावांनी हरवून पहिला विश्वचषक जिंकला. लगेच वर्तमानपत्रांतून पुन्हा तेच पॅड निघाले, नियतीने न्याय केला म्हणून. मला हे वाचून आनंद झाला नाही. त्याच्या आधीच्या आयुष्याला न्यायाची गरज होती हे गृहीतच चुकीचं आहे. मुंबईकडून खेळणं हे त्याच्यासाठी प्रतीक्षालय नव्हतं.

त्या संघातली स्मृती मानधना सांगलीची. थोरला भाऊ श्रवण नेटवर जायचा, त्याच्या मागे मागे धाकटी जायची. भावाचा खेळ बघायला गेलेली बहीण, म्हणजे अगदी अकिकोची जागा. फरक इतकाच, की तिच्या हातात कुणीतरी बॅट दिली, आणि नवव्या वर्षी ती महाराष्ट्राच्या 15 वर्षांखालील संघात होती.

ज्या मैदानाला आपण पुरुषांच्या क्रिकेटची पंढरी म्हणतो त्याचं नावसुद्धा एका बाईच्या आग्रहामुळे पडलं, हेही इथे सांगायला हवं. महापालिकेने 1925 मध्ये ते लोकांसाठी खुलं केलं तेव्हा ते माहीम पार्क होतं. 1927 मध्ये, तेव्हाच्या गणनेप्रमाणे शिवजन्माच्या त्रिशताब्दीला, नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या प्रयत्नांनी ते शिवाजी पार्क झालं. कट्ट्यावर बसणाऱ्या किती जणांना हे नाव ठाऊक आहे? आचरेकर सरांचं स्मारक 2024 च्या डिसेंबरात पाच नंबरच्या गेटजवळ झालं, ते योग्यच झालं. अवंतिकाबाईंच्या नावाची पाटीही त्याच मैदानात ठळक दिसायला हवी.

सगळ्या बहिणींनी बॅट हातात घ्यावी असं माझं म्हणणं नाही. मूळ गोष्टीत अकिको पुढे घराबाहेर पडून पेट्रोल पंपावर नोकरी धरते. मला तिचा तो भाग झाडामागच्या दृश्यापेक्षा जास्त आवडतो. तिथे ती कुणाकडे पाहत नसते; गाड्या येतात, ती काम करते, पगार घेते. सूरजची मालिका पुन्हा कुणी करायला घेतलीच, तर एक भाग बहिणीचा असावा. त्यात सूरजचा सामना चालू असावा आणि ती तिथे नसावी. ती कुठे आहे, तिला काय हवंय, आज तिचा दिवस कसा गेला, हे त्या भागाने दाखवावं, आणि सूरजचा निकाल आपल्याला दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर कळावा.