अपंग अर्भकाचे मरण आणि जीवाची योग्यता

दि. ९ एप्रिल १९८२ रोजी अमेरिकेच्या इंडियाना राज्यातील ब्लूमिंग्टन या गावी एक बालक जन्मास आले. त्याच्या देहात दोन वैगुण्ये होती. बुद्धीची वाढ मंद ठेवणारा डाऊन्स सिंड्रोम हे एक. दुसरे असे की, त्याची अन्ननलिका जठरापर्यंत पोचलेलीच नव्हती. मुखी घातलेले दूध पोटात जाणे अशक्य होते. या दुसऱ्या वैगुण्यावर शस्त्रक्रिया उपलब्ध होती, पहिल्यावर उपाय नव्हता. डॉक्टरांत मतभेद झाला. मातापित्यांनी शस्त्रक्रिया नाकारली व न्यायालयाने त्यांचा तो अधिकार मान्य केला. बालकास दत्तक घेण्यास अन्य कुटुंबे सिद्ध असताही १५ एप्रिल रोजी ते अन्नपाण्यावाचून गेले.

हेच अन्ननलिकेचे वैगुण्य ज्याची बुद्धी पुढे सामान्य होणार अशा बालकास असते, तर शस्त्रक्रिया करावी की नाही हा प्रश्नच कोणी काढला नसता. म्हणजे उपचार नाकारला गेला तो रोग असाध्य म्हणून नव्हे, तर रोगी उणा म्हणून. या प्रकरणाचे मर्म एवढेच आहे.

ब्रह्मविद्याशास्त्राच्या दृष्टीने ही उणेपणाची कल्पनाच टिकत नाही. जीव, देवता, प्रपंच व परमेश्वर या चार नित्य पदार्थांत जीव हा बद्धमुक्त, म्हणजे आज बद्ध असूनही मुक्तीस योग्य असा आहे. ही योग्यता जीवाच्या ठायींची आहे. बुद्धीची तीक्ष्णता वा मंदता देहाच्या अंगाने येते. पंडिताच्या देहातील जीव आणि या अर्भकाच्या देहातील जीव यांत योग्यतेचे तारतम्य नाही.

यावर एक आक्षेप आपल्याच मार्गातून येऊ शकतो, आणि तो टाकाऊ नाही. मनुष्यदेहाचे सार्थक ज्ञानात व अनुसरणात आहे. ज्यास शब्दही कळणार नाही त्याने हा देह वागवून काय साधावे? यास उत्तर असे की, ज्ञान देणे परमेश्वराधीन आहे. ते कोणत्या जीवास केव्हा द्यावे याचा हिशेब मातापित्यांच्या, डॉक्टरांच्या वा न्यायाधीशांच्या हाती दिलेला नाही. शिवाय ज्ञानास अपात्र तो रक्षणासही अपात्र असे मानले, तर पशूंविषयीची अहिंसा व्यर्थ ठरेल. लीळाचरित्रातील सशाची लीळा सर्वांस ठाऊक आहे. पारध्यांच्या भयाने ससा श्रीजानूखाली येऊन दडला, पारध्यांनी तो मागितला आणि सर्वज्ञांनी दिला नाही. त्या सशाकडून अनुसरण घडावयाचे नव्हते; तो आश्रयास आला एवढेच पुरेसे झाले. अर्भक तर आश्रयावाचून दुसऱ्या कशातही नसते.

‘तो आपले कर्म भोगतो’ असे म्हणून हात झाडणे हेही शास्त्र नव्हे. भोग त्याचा असेल. परंतु आपण न पाजलेले दूध हे आपले कर्म होय.

मात्र याचा अर्थ प्रत्येक अर्भकास यंत्रांनी जखडून ठेवावे असा करू नये. मेंदूचा मुख्य भाग तयारच न झालेले, उपचारांनीही न जगणारे बालक जन्मास येते. तेथे उपचार मरण टाळीत नाही, ते केवळ लांबवितो व वेदना वाढवितो. असा उपचार थांबविणे म्हणजे देहाचा क्रम रोखण्याचा हट्ट सोडणे होय; ती हिंसा नव्हे. ब्लूमिंग्टननंतर १९८४ साली अमेरिकेने केलेल्या कायद्यातही असे केवळ मरण लांबविणारे उपचार देण्याची सक्ती नाही. मात्र उचित पोषण व औषध सर्वांस द्यावयाचे आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली ठराविक अटींवर उपचार काढून घेण्यास मान्यता दिली, पण औषध टोचून प्राण घेण्यास दिली नाही. नेदरलंड्समधील ग्रोनिंगन येथील डॉक्टरांनी २००५ साली प्रसिद्ध केलेली पद्धती त्याही पुढे जाते. असह्य वेदना, निराशाजनक भवितव्य, दोन्ही पालकांची संमती व स्वतंत्र डॉक्टरांचे मत असल्यास त्या पद्धतीत अर्भकाचा प्राण घेता येतो. हेतू करुणेचा असेल. तरीही ते शमविणे वेदनेचे नसून वेदना भोगणाऱ्याचे आहे, आणि अहिंसाव्रतीस ते अनुमोदिता येणार नाही. वेदनाशामक औषध पुरेसे द्यावे, त्याने ग्लानी आली तरी द्यावे.

श्रीप्रभूंस ऋद्धिपुरात कित्येक जण वेडे म्हणत. अवताराची लीळा आणि जीवाचे वैगुण्य एक नव्हे, तेव्हा ही तुलना ताणू नये. पण वरून पाहून अंतरीचे मोल ठरविणारी दृष्टी किती चुकते, हे परमार्गीयांस तरी वेगळे सांगावयास नको.

राहिले मातापिते. ब्लूमिंग्टनच्या त्या दोघांस दोष देणे फार सोपे आहे. असे मूल घरी आले की आप्त येणे थांबवितात, लग्नकार्यात त्यास मागल्या खोलीत ठेवतात, आणि मग आईने त्यास वाढवावे असा उपदेश करतात. उपदेशी मंडळींत असे घर असेल तर तेथे आठवड्यातून एक दिवस कोणी ते मूल सांभाळील काय, की त्या आईस स्मरणाला घटकाभर बसता येईल?