कुंपणावरची वेल



आजच्या शुभवर्तमानात (योहान १५:१-८) प्रभू येशू स्वतःला द्राक्षवेल म्हणतो आणि आपल्याला तिचे फाटे. आपल्या वसईत द्राक्षमळे नाहीत, पण वेल आपल्याला नवी नाही. पानवेलीच्या वाड्या, परसातले तोंडली-पडवळाचे मांडव वाडवडिलांनी पिढ्यानपिढ्या सांभाळले. आता वाडीच्या जागी बंगले आले, अंगणात लाद्या बसल्या आणि अंगण सजवण्यासाठी आपण पुन्हा वेल शोधू लागलो आहोत. चांगलेच आहे. मात्र वेल चढवायला उरली आहे ती कुंपणाची भिंत.

आणि ही भिंत, खरे बोलायचे तर, पुष्कळदा दोन सख्ख्या भावांमध्ये उभी आहे. वीतभर जागेसाठी मोजणी, वकील, तारखा. पलीकडे वहिनी आजारी आहे हे महिनाभर कळत नाही. दोघेही भाऊ रविवारी एकाच वेदीसमोर ख्रिस्तशरीर स्वीकारतात. शांतीचे अभिवादन करताना मात्र मान दुसरीकडे वळते.

फाटे एकमेकांना चिकटलेले नसतात, पण त्यांच्यात वाहणारा रस एकाच खोडाचा असतो. म्हणून 'माझे प्रभूशी बरे आहे, भावाशी नाही' हे म्हणणे श्रद्धेलाच काय, साध्या तर्कालाही धरून नाही.

अंगणासाठी कोणती वेल लावावी, असे विचारले तर आम्ही कृष्णकमळ सुचवू. सुमारे ४०० वर्षांपूर्वी दक्षिण अमेरिकेतील स्पॅनिश मिशनऱ्यांना या फुलात प्रभूचे दुःखसहन दिसले: तंतूंचे वलय म्हणजे काटेरी मुकुट, पाच पुंकेसर म्हणजे पाच जखमा, वरचे तीन दांडे म्हणजे तीन खिळे. आपले हिंदू शेजारी त्याच फुलात शंभर कौरव आणि पाच पांडव पाहतात. तेही भावांचेच भांडण!

ही वेल तणाव्यांनी चढते. चार्ल्स डार्विनने १८७५ मध्ये वेलींवर पुस्तक काढले, त्यात तणाव्यांचे बारीक निरीक्षण आहे. आधार धरलेला तणावा स्प्रिंगसारखा पिळ घेतो, जाड होतो आणि वादळातही वेल तुटू देत नाही. काहीच न धरलेला तणावा बहुधा सुकून गळतो. आपणही एवढे पाहावे, की आपण शेवटचा हात कोणाला दिला?

लावण्याचे म्हणाल, तर भिंतीपासून वीतभर सोडून खड्डा घ्यावा, शेणखत घालावे, आणि बांबूची किंवा तारेची जाळी बांधावी. मुळांनी भिंतीला चिकटणाऱ्या वेली गिलावा खराब करतात. कृष्णकमळाचे तसे नाही. पण चढली की ती पलीकडे जाणारच. म्हणून खड्डा खणण्याआधी पलीकडच्या घरी जाऊन विचारून यावे. फोनवर नको, ओट्यावर बसून.

पाऊस सुरू झाला की छाट चांगली रुजते. चर्चच्या आवारातल्या वेलीची छाट जून महिन्यात रविवारच्या मिस्सानंतर मिळेल. दोन न्याव्यात.